सॅचेल पेज : दंतकथा आणि दप्तर

ज्याच्या कर्तृत्वाची नोंद ठेवणे कुणालाच आवश्यक वाटले नाही, अशा माणसाचे चरित्र कशाच्या आधारे लिहायचे? अमेरिकी बेसबॉलमधील कृष्णवर्णीय पिचर सॅचेल पेज याच्याविषयी वाचताना हा प्रश्न पदोपदी आडवा येतो. (आपल्या गोलंदाजासारखेच पिचरचे काम; फक्त चेंडू टप्पा न पडता थेट फलंदाजापर्यंत जातो.)

पेजचा जन्म 1906 साली अलाबामातील मोबील येथे झाला. त्याचे मूळ नाव लिरॉय. 'सॅचेल' म्हणजे पिशवी. लहानपणी रेल्वे स्थानकावर एका काठीला अनेक पिशव्या अडकवून हमाली करीत असे, म्हणून हे नाव पडले, असे तो सांगे. पिशवी चोरताना पकडला गेला म्हणून पडले, असे त्याच्या एका बालमित्राचे म्हणणे. किरकोळ चोरीपायी बाराव्या वर्षी त्याची रवानगी माउंट मेग्ज येथील सुधारगृहात झाली, हे मात्र निश्चित. पाच वर्षांनी तो बाहेर पडला तो चेंडूफेकीचे शिक्षण घेऊनच.

1926 पासून तो कृष्णवर्णीयांच्या संघांतून व्यावसायिक म्हणून खेळू लागला. गोऱ्यांच्या मेजर लीगची दारे बंद होती. कायद्याने नव्हे, संघमालकांच्या अलिखित संगनमताने. त्यामुळे पेज पैसा मिळेल तिथे गेला. 1937 मध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या नावाने मिरवणाऱ्या संघाकडून तो डॉमिनिकन प्रजासत्ताकात खेळला. पुढच्या वर्षी मेक्सिकोत खांदा निकामी झाला आणि सारे संपले असे वाटले. पण कॅन्सस सिटी मोनार्क्सने त्याला आसरा दिला आणि हात पुन्हा चालू लागला. हिवाळ्यात गावोगाव होणाऱ्या प्रदर्शनीय सामन्यांत गोरे नामवंत खेळाडू त्याच्यासमोर उभे राहत आणि अनेकदा बाद होत. यातले किती सामने कागदावर उतरले? आपण दोन हजार सामने जिंकले, असे पेज सांगे. हा आकडा खरा मानणे कठीण आणि खोटा ठरवणेही कठीण.

वयाचेही तसेच. जन्मनोंद असलेले घरचे बायबल बकरीने खाल्ले, ही त्याची लाडकी कथा. तिच्याकडे केवळ विनोद म्हणून पाहू नये. दप्तराने ज्याला वगळले, त्याने दप्तराचीच केलेली ही थट्टा आहे, असे मला वाटते. 1962 च्या आत्मचरित्रातही हाच सूर आहे; ते लेखनिकाच्या साहाय्याने सिद्ध झाले असले तरी त्याची जातकुळी मौखिक कथनाचीच.

1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनने वर्णभेदाची भिंत ओलांडली. तो मान आपल्याला मिळायला हवा होता, हे शल्य पेजने लपवले नाही. पुढच्या वर्षी, आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, तो क्लीव्हलँडशी करारबद्ध झाला. हा संघमालकाचा तमाशा आहे, अशी टीका एका प्रतिष्ठित क्रीडासाप्ताहिकाच्या संपादकाने केली. पेजने त्या मोसमात सहा सामने जिंकले, एकच गमावला. 20 ऑगस्टला त्याला पाहायला 78 हजारांहून अधिक लोक लोटले.

1965 साली, एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीच्या मालकाने त्याला पुन्हा मैदानात आणले. मैदानाच्या कडेला झुलती खुर्ची, शेजारी परिचारिका, असा सगळा थाट होता. पेजने तीन डाव टाकले आणि एकच फटका दिला. 1968 मध्ये निवृत्तिवेतनाला त्याचे 158 दिवस कमी पडत होते. ते भरून निघावेत म्हणून अटलांटाने त्याला पदरी घेतले. तारुण्याची वीस वर्षे हिशेबात धरलीच नव्हती, तेव्हा हे दिवस मोजावे लागले!

1971 मध्ये 'हॉल ऑफ फेम'ने त्याला निवडले, तेही कृष्णवर्णीयांसाठी वेगळे दालन काढण्याच्या बेताने. ओरड झाल्यावर तो बेत सोडून देण्यात आला. 1982 मध्ये पेज वारला. डिसेंबर 2020 मध्ये मेजर लीगने 1920 ते 1948 या काळातील कृष्णवर्णीयांच्या सात लीगना बरोबरीचा दर्जा दिला आणि 2024 मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत सामील केले. गावोगावचे प्रदर्शनीय सामने त्यातही नाहीत. पण 1948 मध्ये बेचाळिसाव्या वर्षी 'नवखा' म्हणून नोंदला गेलेला पेज आता त्याच दप्तरात 1927 पासून, म्हणजे ऐन विशीपासून, बर्मिंगहॅमकडून खेळताना दिसतो.