एक ताट, दोन चमचे

सूप, स्टार्टर, मेन कोर्स आणि शेवटी आइस्क्रीम, हा हॉटेलातील जेवणाचा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मोठ्या शहरांतील उंची रेस्तराँमध्ये मात्र हा क्रम मोडू लागला आहे. तेथील मेनूकार्डावर लहान लहान पदार्थांची यादी असते. ते टेबलाच्या मध्यभागी मांडले जातात आणि प्रत्येकाने त्यातून थोडे थोडे घ्यावे, अशी अपेक्षा असते. 'शेअरिंग प्लेट्स' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत दोघांनीच निवांत घालवायच्या संध्याकाळी विशेष पसंत केली जाते.

मूळ कोठले?

या पद्धतीचे सर्वांत परिचित रूप म्हणजे स्पेनमधील 'टापास'. स्पॅनिश भाषेत 'टापा' म्हणजे झाकण. मद्याच्या प्याल्यावर झाकण म्हणून ठेवलेल्या पावाच्या किंवा मांसाच्या तुकड्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. त्याला राजेरजवाड्यांच्या दंतकथाही जोडलेल्या आहेत. ग्रानाडा शहरात पेयासोबत टापा विनामूल्य देण्याची प्रथा आजही टिकून आहे. बास्क प्रांतातील सान सेबास्तियान येथे काडी टोचलेले 'पिंचो' मिळतात. ऑलिव्ह, लोणच्यातील मिरची आणि अँकोव्ही मासा एका काडीत ओवलेल्या पिंचोला 'गिल्डा' म्हणतात. हे नाव रिटा हेवर्थच्या १९४६ मधील चित्रपटावरून आले आहे.

तुर्कस्तान, लेबनॉन आणि ग्रीसमधील 'मेझे' हा याच कुळातील प्रकार. हा शब्द चव या अर्थाच्या फारसी 'मझा'वरून आला. आपला 'मजा' हा शब्दही तेथूनच मराठीत आला. जिभेवरची चव आणि मनाचा आनंद यांचे नाते असे शब्दातच दडलेले आहे.

लंडनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'मोरो'सारख्या रेस्तराँनी स्पेन आणि भूमध्य सागरापलीकडची ही चव तेथे रुजवली. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल्समध्ये २०१५ साली 'द बॉम्बे कॅन्टीन' उघडले. मुंबईत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाव कमावलेले शेफ फ्लॉइड कार्डोझ त्याच्याशी निगडित होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाने त्यांचे निधन झाले. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील पदार्थ नव्या रूपात मांडण्याची वाट या रेस्तराँने अनेकांना दाखवली.

मागवावे कसे?

दोघांसाठी साधारण चार ते पाच पदार्थ पुरेसे होतात. सर्व एकदम मागवू नयेत. अशा रेस्तराँत जो पदार्थ तयार होईल तो प्रथम येतो. त्यामुळे टेबल भरून जाते आणि निम्मे पदार्थ निवतात. आधी दोन मागवावेत, ते संपत आले की पुढचे सांगावेत. थंड आणि हलके पदार्थ आधी, तळलेले व मसालेदार नंतर, हा क्रम आपणच ठरवावा. एका प्लेटमध्ये किती नग असतात, हे विचारण्यात कमीपणा नाही. दोघांत तीन नग आले की शेवटचा कोणी घ्यायचा, हा पेच ठरलेलाच.

दोघांपैकी एक शाकाहारी असेल तर तसे आरंभीच सांगावे. वाढण्याचे चमचे वेगळे मागून घ्यावेत आणि सामाईक पदार्थ शाकाहारीच ठेवावेत. नाहीतर एकाच्या वाट्याला निम्माच मेनू येतो आणि बिल मात्र निम्मे निम्मे होते!

बिल वाचताना

प्रत्येक प्लेटची किंमत माफक वाटली तरी बेरीज पाहता पाहता वाढते. म्हणून मागवतानाच अंदाज घ्यावा. स्वतंत्र रेस्तराँतील जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, तर बड्या पंचतारांकित हॉटेलांतील रेस्तराँत १८ टक्के. मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. सेवा शुल्क मात्र कर नव्हे. ते परस्पर बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती भूमिका उचलून धरली. सेवा आवडली असेल तर खुशीने द्यावे, लावलेले मान्य नसेल तर काढून टाकण्यास सौजन्याने सांगावे.

वाटून खाण्याचा अर्थ

एका ताटातून खाणे आपल्याला नवे नाही. लग्नाच्या पंगतीत उखाणा घेऊन नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात. पण त्या एका घासानंतर अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या काय घडले? नवरा आधी जेवला, बायको मागाहून, आणि कित्येकदा त्याच्याच उष्ट्या ताटात. वाढणारी एक आणि जेवणारा दुसरा, हा भेद त्या ताटात कायम राहिला. शेअरिंग प्लेटच्या टेबलावर निदान तास-दीड तास दोघे एकाच वेळी जेवतात, एकमेकांना वाढतात आणि काय मागवायचे ते मिळून ठरवतात. त्यासाठी महागडे रेस्तराँच हवे असे नाही. घरच्या थालीपीठालाही हा नियम लागू करता येतो. फक्त ते गरम असताना दोघांनाही बसता आले पाहिजे.