स्वयंपाकघरातील दगडी ओटा

दगडी ओटा म्हणजे उभ्याने स्वयंपाक करण्यासाठी कडप्पा, ग्रॅनाइट किंवा संगमरवर बसवून बांधलेला कट्टा होय. छत्रपती संभाजीनगर परिसरातील मूळ खडक बेसॉल्ट आहे. वेरूळची लेणी त्यातच कोरलेली आहेत. ओट्याचा दगड मात्र बहुधा बाहेरून येतो. कडप्पा हा काळसर चुनखडक आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जातो.

निगा दगडाच्या जातीवर अवलंबून असते. कडप्पा व संगमरवर यांत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांतील आम्लात ते विरघळते आणि झिलई जाऊन पांढुरका डाग उरतो. तो कितीही पुसला तरी जात नाही, कारण तेथे दगडच झिजलेला असतो. विंधन विहिरीच्या दुष्फेन, म्हणजे बोलीभाषेत जड, पाण्याने नळाभोवती साचणारा पांढरा थरही प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो. त्यावर ॲसिड ओतल्यास थराबरोबर ओटाही खाल्ला जातो. ही चूक घरोघरी होते. त्यापेक्षा नळाभोवतालची जागा रोज कोरडी पुसावी.

ग्रॅनाइटला अशा आम्लांची फारशी बाधा होत नाही, परंतु फिकट ग्रॅनाइटमध्ये तेल व हळद मुरते. कोणत्याही दगडावर सांडलेले लगेच टिपून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसणे योग्य. कडप्प्यावर खोबरेल तेल चोळल्यास डाग काही काळ झाकला जातो. गेलेली झिलई मात्र पुन्हा पॉलिश केल्यावरच येते.