बंदिवासातील सर्पांचे आंत्रकृमी : निदान, उपचार व प्रतिबंध यांचा ऐतिहासिक विचार

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. विनोबांचा जन्म तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. त्या काळी कुलाबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व १९८१ पासून रायगड हे नाव धारण करणाऱ्या या जिल्ह्यातील इतर भातगावांप्रमाणे येथेही पावसाळ्यात शेतकऱ्याचे अनवाणी पाऊल व सर्प यांची गाठ पडणे ही नित्याची बाब होती. १८९५ साली अशा गावात दंश झालेल्या माणसास मांत्रिक, झाडपाल्याचा जाणकार व दैव यांखेरीज आधार नव्हता. मात्र त्याच सुमारास युरोपात एका नव्या उपायाची पायाभरणी होत होती. १८९४ साली पॅरिस येथे फिसालिक्स व बर्त्रां यांनी, तसेच स्वतंत्रपणे आल्बेर काल्मेत यांनी, विषाच्या अल्प मात्रा टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात विषनाशक गुण उत्पन्न होतो असे दाखवून दिले.

या शोधातून एक प्रश्न उद्भवला. रक्तरस सिद्ध करावयाचा तर विष हवे. विष हवे तर जिवंत सर्प हवा. आणि तो एकदाच नव्हे, तर पुनःपुन्हा विष देण्याइतका निरोगी हवा. म्हणजे अनवाणी शेतकऱ्याचा जीव अंशतः पिंजऱ्यातील सर्पाच्या प्रकृतीवर अवलंबून राहिला. त्या प्रकृतीचा एक मोठा शत्रू म्हणजे त्याच्या आतड्यातील जंत व आदिजीव होत. या शत्रूचे ज्ञान कसे वाढत गेले आणि त्याच्या निवारणाची दृष्टी औषधाकडून व्यवस्थेकडे कशी वळली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१. गारुड्याची टोपली

महाराष्ट्रात सर्प बाळगण्याची सर्वांत जुनी पद्धती गारुड्याची होय. या पद्धतीत सर्पाच्या दीर्घायुष्याची अपेक्षाच नसे. विषदंत उपटलेला, प्रसंगी तोंड शिवलेला नाग नागपंचमीपर्यंत टिकला म्हणजे त्याचे काम संपले. तहानेने व्याकुळ झालेला नाग पुढे ठेवलेले दूध पितो, ही गोष्ट भाविकास चमत्कार वाटली, तरी दूध हे सर्पाचे अन्न नव्हे. त्याच्या आतड्यास ते पचत नाही आणि श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसाचा दाह होतो. मुखातील जखमा, उपासमार व टोपलीतील स्वतःच्याच विष्ठेचा सततचा संपर्क ही सर्व कारणे एकत्र आल्यावर मृत्यूचे नेमके निमित्त कोणते हे शोधण्याची गरज कोणास भासली नाही. मरणारा सर्प बदलून नवा आणणे हीच तेथील चिकित्सा होती.

ही पद्धती पुढे कायद्याने निषिद्ध ठरली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये भारतीय रानातील सर्प पकडून खाजगीरीत्या बाळगता येत नाही. परंतु तिच्यामागील मनोवृत्ती, म्हणजे सर्प हा कधीही बदलून मिळणारा जिन्नस आहे ही समजूत, कायद्यापूर्वीच्या शास्त्रीय संस्थांतूनही दीर्घकाळ आढळते.

२. मुंबईची प्रयोगशाळा व स्थानिक सर्पांची आवश्यकता

परळ येथील जुन्या राजभवनात १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी याच प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम्ब यांनी सर्पविषांवर काम केले. नागाच्या विषाविरुद्ध तयार केलेला काल्मेत यांचा रक्तरस घोणशीच्या विषावर निष्प्रभ ठरतो, असे त्यांच्या प्रयोगांनी स्पष्ट झाले. एकच रक्तरस सर्व सर्पांवर चालेल ही आशा त्यामुळे मावळली.

या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. परदेशातून रक्तरस मागवून भागणार नव्हते. भारतात मनुष्यहानी करणाऱ्या प्रमुख चार जाती म्हणजे नाग, मण्यार, घोणस व फुरसे. या प्रत्येकीचे विष येथेच, येथील जिवंत सर्पांपासून मिळवणे अपरिहार्य झाले. कसौली येथील केंद्रीय संशोधन संस्था व पुढे मुंबईची हाफकिन संस्था यांनी हे कार्य हाती घेतले. हाफकिन संस्थेतील पी. जे. देवरस यांनी सर्पशाळेतील विषउत्पन्नाच्या नोंदींचा विचार १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केला, आणि १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचे भारतीय सर्पांविषयीचे पुस्तक प्रकाशित केले. सर्पशाळा ही केवळ प्रदर्शनाची जागा नसून उत्पादनाचे साधन आहे आणि त्या साधनाची नोंदवही ठेवली पाहिजे, ही जाणीव येथे दिसते.

३. जंतांची ओळख

सर्पांच्या आतड्यातील कृमींचे वर्णन शास्त्रज्ञांनी पुष्कळ आधीपासून केले होते. कॅलिसेफॅलस या अंकुशकृमींच्या प्रजातीस मोलिन यांनी १८६१ साली नाव दिले. भारतीय सूत्रकृमींचे संकलन बेलिस यांनी ब्रिटिश भारतातील प्राणिसृष्टीविषयक ग्रंथमालेत १९३६ व १९३९ साली दोन खंडांत केले. परंतु हे कार्य मुख्यतः वर्गीकरणाचे होते. मेलेल्या सर्पाच्या पोटात काय सापडले हे त्यातून कळे. सर्प त्यामुळे मेला किंवा कसे, हे कळत नसे.

या दुसऱ्या प्रश्नास निर्णायक वळण मिळाले ते १९३४ साली. बेल्जियन शास्त्रज्ञ रोदँ यांनी सर्पांच्या आमांशास कारण होणाऱ्या एंटअमीबा इनव्हाडेन्स या आदिजीवाचे वर्णन केले. त्याच वर्षी अमेरिकेत रॅटक्लिफ व गायमन यांनी सरपटणाऱ्या प्राण्यांतील या रोगाची नोंद प्रसिद्ध केली, आणि १९३८ पर्यंत नैसर्गिक व प्रायोगिक अशा दोन्ही संसर्गांचा सविस्तर अभ्यास मांडला. या अभ्यासातील महत्त्वाची गोष्ट अशी की, कासवांच्या आतड्यात हा आदिजीव बहुधा निरुपद्रवीपणे राहतो. सर्पात मात्र तोच आतड्याचा व यकृताचा नाश करून थोड्या अवधीत मृत्यू आणतो. रानात कासव व साप यांचा असा निकट सहवास क्वचितच घडतो. प्राणिसंग्रहालयात एकाच पाण्याच्या टाकीने, एकाच झाडूने किंवा एकाच सेवकाच्या हातांनी तो घडवून आणला.

म्हणजे रोगाचे बीज जंतूत असले तरी रोगाची साथ ही पिंजऱ्याची निर्मिती होती. हाच विचार इतर कृमींसही लागू पडतो, मात्र त्यासाठी त्यांच्या जीवनचक्राचा भेद ध्यानी घेतला पाहिजे.

कॅलिसेफॅलससारख्या अंकुशकृमींचे चक्र सरळ असते. अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात, ओलसर जमिनीत त्यांतून अळ्या निघतात आणि अन्नपाण्याबरोबर त्या पुन्हा सर्पाच्या पोटात जातात. रानातील सर्प आपल्या विष्ठेपासून दूर निघून जातो. पिंजऱ्यातील सर्पास ती सोय नाही. त्यामुळे त्याच सर्पास पुनःपुन्हा संसर्ग होऊन कृमींची संख्या वाढत राहते. स्ट्राँगिलॉइडिस या सूक्ष्म गोलकृमींचीही हीच रीत असून त्यांच्या अळ्या त्वचेतूनही शिरू शकतात. याउलट ऑफिडास्कॅरिससारख्या मोठ्या गोलकृमींना व बहुतेक पट्टकृमींना मध्यंतरीच्या यजमानाची, म्हणजे बेडूक, उंदीर किंवा पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी यांची, गरज असते. असा यजमान खाद्यातून मिळाला नाही तर पिंजऱ्यात त्यांचे चक्र आपोआप खुंटते. पहिल्या वर्गाचा बंदोबस्त जमिनीच्या स्वच्छतेने व दुसऱ्याचा खाद्याच्या निवडीने होतो, हे साधे तत्त्व या भेदातूनच निष्पन्न झाले.

४. औषधांचा काळ

औषधोपचाराचा इतिहास बहुतांशी मानवी व पशुवैद्यकातून उसनवारी करण्याचा आहे. १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी मनुष्याच्या आमांशावर एमेटीनची सुई परिणामकारक असल्याचे दाखविले. पुढे सर्पांच्या आमांशावरही ते वापरले गेले. परंतु औषधाची विषारी मात्रा व उपकारक मात्रा यांत अंतर थोडे होते. १९६० च्या सुमारास प्रचारात आलेल्या मेट्रोनिडाझोलने एमेटीनची जागा घेतली. गोलकृमींसाठी १९६१ साली थायाबेंडाझोल व सत्तरीच्या दशकात फेनबेंडाझोल, पट्टकृमींसाठी प्राझिक्वांटेल आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आयव्हरमेक्टिन ही औषधे पशुवैद्यकात आली.

या औषधांनी सर्पचिकित्सेस बळ दिले, तसेच काही धडेही दिले. आयव्हरमेक्टिन कासवांस प्राणघातक ठरते असे १९८३ साली स्पष्ट झाले. म्हणून सरपटणारे प्राणी हा एकच वर्ग मानून औषध देणे धोक्याचे आहे. मेट्रोनिडाझोलची अतिरिक्त मात्रा मज्जासंस्थेस इजा करते, व काही जातींचे सर्प त्यास विशेष नाजूक असतात. फेनबेंडाझोल सौम्य समजले जात असले तरी त्याच्या अतिरेकाने आतड्याच्या अस्तरास व अस्थिमज्जेस अपाय झाल्याचे आढळले आहे. सर्प शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीरातील औषधाची गती सभोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते. थंड पिंजऱ्यात दिलेली मात्रा व योग्य उष्णतेत दिलेली मात्रा यांचा परिणाम सारखा होत नाही. म्हणून वजन, जाती, शरीरातील पाण्याचे प्रमाण व तापमान पाहून मात्रा ठरविणे हे जाणत्या पशुवैद्याचेच काम होय. कृमिनाशके अंड्यांवर बहुधा चालत नसल्याने सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते आणि त्यानंतर विष्ठेची फेरतपासणी आवश्यक ठरते.

औषधाची मर्यादा सर्वांत ठळकपणे दिसते ती क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवाच्या बाबतीत. १९७७ साली सर्पांतील या रोगाचे वर्णन झाले व १९८० साली त्यास क्रिप्टोस्पोरिडियम सर्पेंटिस हे नाव मिळाले. यात जठराची भित्ती जाड होते, शरीराचा मध्यभाग फुगीर दिसतो, खाल्लेले अन्न उलटून पडते आणि सर्प महिनोन्महिने झिजत राहतो. या रोगावर खात्रीचा इलाज अद्याप नाही. शिवाय नेहमीची जंतुनाशके त्याच्या बीजाणूंवर फारशी चालत नाहीत. अशा स्थितीत रोगी सर्पास कायमचे वेगळे ठेवणे एवढाच मार्ग उरतो.

५. प्रतिबंधाची व्यवस्था

वरील अनुभवांचे सार असे की, बंदिवासातील सर्पाचे आरोग्य बाटलीतील औषधापेक्षा दैनंदिन शिस्तीवर अधिक अवलंबून आहे. नवा आलेला सर्प साठ ते नव्वद दिवस स्वतंत्र खोलीत ठेवावा. या काळात त्याच्या ताज्या विष्ठेचे नमुने अंतराअंतराने किमान तीनदा तपासावेत. कारण अंडी रोज बाहेर पडतातच असे नाही. मिठाच्या दाट द्रावणात अंडी तरंगवून पाहणे व ओल्या काचपट्टीवर हलणारे आदिजीव पाहणे या दोन्ही परीक्षा कराव्यात. एकीत जे निसटते ते दुसरीत सापडते. पिंजऱ्याची जमीन कागदासारख्या सहज बदलता येणाऱ्या आच्छादनाची असावी. विष्ठा त्याच दिवशी काढावी, पाण्याचे भांडे रोज धुवावे, प्रत्येक पिंजऱ्याची हत्यारे निराळी असावीत. सर्प व कासव यांस एकत्र ठेवू नये. खाद्य म्हणून रानातील उंदीर-बेडूक न देता स्वच्छ जागी वाढविलेले व काही दिवस गोठवून ठेवलेले उंदीर द्यावेत. हाताळणाऱ्याने हात धुणे हे सर्पाइतकेच स्वतःच्या हिताचे आहे; सर्पाच्या फुप्फुसात राहणाऱ्या आर्मिलिफर या जिव्हाकृमीची अंडी माणसासही बाधतात.

येथे एक भेद विसरता कामा नये. रानातील बहुतेक सर्पांत थोडेफार कृमी असतातच, आणि ते असणे म्हणजे रोग नव्हे. भुकेने, थंडीने किंवा भीतीने सर्पाची प्रतिकारशक्ती खचली म्हणजे तीच संख्या घातक होते. म्हणून प्रत्येक अंड्यासाठी औषध देण्याचा उत्साह हाही एक दोषच ठरतो.

प्रतिबंधाच्या विचाराचे सर्वांत मूलगामी उदाहरण तमिळनाडूत आढळते. १९७८ साली स्थापन झालेल्या इरुळा सर्पधारकांच्या सहकारी संस्थेने सर्पास आजन्म कोंडण्याची पद्धती बाजूस ठेवली. पकडलेला सर्प काही आठवडे मातीच्या मडक्यात ठेवून त्याचे विष काही वेळा काढावयाचे आणि मग त्यास रानात सोडावयाचे, अशी तेथील रीत आहे. कृमींचे चक्र पिंजऱ्यात रुजण्यापूर्वीच बंदिवास संपतो. जो प्रश्न औषधाने पुरता सुटला नाही, तो कालमर्यादेने बराचसा टळला.

अलीकडे परदेशी अजगर व इतर सर्प हौसेने पाळण्याची प्रवृत्ती शहरांत वाढली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीतील अशा जातींच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२४ साली नियम केले. परंतु नोंदणी ही मालकीची व्यवस्था आहे, आरोग्याची नव्हे. दूरच्या देशातून, अनेक व्यापाऱ्यांच्या हातांतून आलेला सर्प आपल्याबरोबर तेथील कृमीही आणतो. विलगीकरण व विष्ठापरीक्षा यांची सक्तीची शिस्त नसेल तर हौशी पाळणारा गारुड्याच्याच टोपलीकडे, फक्त काचेच्या भिंती लावून, परत जातो.

६. उपसंहार

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षास सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, आणि भारत सरकारने २०२४ साली ही हानी २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. या योजनेचा आधार अद्यापही घोड्याच्या रक्तरसाचा, आणि त्या रक्तरसाचा आधार जिवंत सर्पाचा आहे. विष ज्या भागातील सर्पाचे, त्या भागातील दंशावर प्रतिविष अधिक उपकारक, हे लॅम्ब यांच्या काळापासून पुष्ट होत आलेले तत्त्व मान्य केले तर कोकणातील सर्प कोकणच्या हितासाठी निरोगी राखणे क्रमप्राप्त ठरते.

सर्पाच्या आतड्यातील जंत हा विषय म्हणूनच केवळ प्राणिशास्त्राच्या कपाटातील नाही. मांत्रिकाच्या दारापासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंत गागोद्यासारख्या गावातील माणूस जो प्रवास करतो, त्याच्या मागे एक न दिसणारी साखळी असते. रोज स्वच्छ केलेली पिंजऱ्याची जमीन, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली काचपट्टी आणि वेळेवर सोडून दिलेला सर्प हे तिचे आरंभीचे दुवे होत. ते निसटले तर पुढील सर्व दुवे दुर्बळ होतात.