‘मोकळी’ जमीन

गिरणगावाचा इतिहास सांगू लागले की, वक्ता 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाशी येऊन थांबतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप, डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. पुढे चळवळीत पडल्यावर आमच्या ध्यानात आले की, गिरणगाव संपाने बुडाले हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे सरकारी नियमांत आहे, आणि नियम कंटाळवाणे म्हणून कोणी ते वाचीत नाही.

1991 साली मुंबईची विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीवर नवे बांधकाम करण्यास मुभा दिली. मात्र ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला, अशी वाटणी घातली. सुमारे सहाशे एकरांचा हा मामला. मालकांना ते रुचले नाही, हे सांगावयास नकोच.

2001 साली नियम बदलला. वाटणी आता साऱ्या जमिनीची नव्हे, फक्त मोकळ्या जमिनीची! समजा, गिरणी नऊ एकरांची आहे आणि आठ एकरांवर इमारती उभ्या आहेत. जुन्या हिशेबाने शहराच्या पदरात सहा एकर पडते. नव्याने एक एकरदेखील नाही. बरे, इमारती पाडल्या तरी त्यांखालची जमीन ‘मोकळी’ धरावयाची नाही. आम्ही चाळीत वाढलेली माणसे. पडक्या भिंतीच्या जागेला आमच्याकडे मोकळी जागाच म्हणतात. 2005 साली उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने कौल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मग परळ-लालबागेत मनोरे चढले. जमिनीचा भाव वाढला तशी खानावळ उठली, पिठाची गिरणी उठली. भावांच्या वाटण्या झाल्या की खोली विकून धाकटा विरारला, थोरला बदलापूरला. कोणी कोणाला हुसकले नाही; राहणेच परवडेनासे झाले. 2012 साली गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत निघाली. घरे सात हजारांच्या आत, अर्ज लाखाच्या वर.

मालकांना दोष देणे सोपे. पण आमच्या संघटनेच्या कपाटात पगाराच्या आणि बोनसच्या करारांच्या फायली खच्चून भरल्या होत्या; नियमावलीची प्रत नव्हती. ती आम्ही 2006 नंतर विकत आणली.