चेतक कधी मिळणार?

माणमधल्या ऑफिसात मी लिहितो तो प्रोग्राम एकच विचारतो: माल कधी मिळणार? आकुर्डीत हा प्रश्न जुना आहे. 1972 मध्ये आलेल्या बजाज चेतकसाठी पुढे लोक दहा-दहा वर्षं थांबले. स्कूटर जोडायला तेवढा वेळ थोडाच लागत होता? किती बनवायच्या, हे सरकारी लायसन्स ठरवायचं.

1975 मध्ये तिकडे अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांचं एमआरपीवरचं पुस्तक आलं. गाडीचे भाग, भागांचे सुटे भाग, त्यांचेही सुटे भाग, असं उतरत जायचं. समजा, सीट 2 आठवड्यांत येते. डॅशबोर्ड जोडायला 1 लागतो, पण त्यातली चिप यायला 26. मग शेवटची जुळणी 27 आठवड्यांनंतरच. इथे सरासरी चालत नाही, सगळ्यात लांब फांदीच धरायची. (सेल्सवाल्यांना हे पटवणं वेगळंच काम!)

7 ऑक्टोबर 2021 ला चाकणच्या महिंद्रा एक्सयूव्ही700 ची 25,000 बुकिंग 57 मिनिटांत झाली. तेव्हा जगभर चिपचा तुटवडा होता. काहींना गाडीसाठी वर्षाहून जास्त थांबावं लागलं.

चिप निदान यादीत तळाशी सापडते. चेतकचं लायसन्स कुठल्याच पातळीवर सापडलं नसतं.