शिफारसपत्र (पदव्युत्तर प्रवेशाचे)
पदव्युत्तर किंवा पीएच.डी. प्रवेशासाठी अर्जदाराचे काम जवळून पाहिलेल्या अध्यापकाने निवड समितीला लिहिलेले पत्र. अमेरिकी विद्यापीठे सहसा अशी तीन पत्रे मागतात. अर्जदार फक्त नावे व ई-मेल पत्ते नोंदवतो. पत्र अध्यापक स्वतः थेट विद्यापीठाकडे पाठवतो.

‘फर्पा’ या १९७४ च्या अमेरिकी कायद्यानुसार, प्रवेश घेतलेला विद्यार्थी आपली शैक्षणिक कागदपत्रे पाहू शकतो. शिफारसपत्रापुरता हा हक्क अर्जातच लेखी सोडता येतो. विद्यापीठाला तशी सक्ती करता येत नाही. तरी हक्क सोडणेच हिताचे, कारण गोपनीय पत्र मोकळेपणाने लिहिले गेले असे समिती मानते.

लिहिणाऱ्याच्या हुद्द्यापेक्षा त्याची प्रत्यक्ष माहिती मोलाची ठरते. गणिताचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी १९४८ मध्ये आपले विद्यार्थी जॉन नॅश यांच्यासाठी प्रिन्स्टनला लिहिलेले पत्र जेमतेम काही ओळींचे होते. नॅश हे असामान्य प्रतिभेचे गणिती आहेत, एवढेच त्याचे सार. असे पत्र अपवादच. एरवी प्रकल्पातील नेमका वाटा, अडचणीतून काढलेली वाट, सहाध्यायांशी तुलना असा तपशील लागतो.

अर्जदारानेच मसुदा लिहून प्राध्यापकांची सही घेण्याचा भारतातील अनेक महाविद्यालयांमधला प्रघात घातक आहे. तिन्ही पत्रे एकाच सुरात बोलू लागतात आणि अनुभवी वाचकाला ते कळते. त्याऐवजी महिना-दीड महिना आधी विनंती करून गुणपत्रिका, प्रकल्प अहवाल, उद्देशपत्र आणि विद्यापीठांची मुदतवार यादी अध्यापकांना द्यावी. त्यांनी आढेवेढे घेतल्यास आग्रह न धरता दुसऱ्यांकडे जावे. कोमट पत्राने अर्जाचे नुकसानच होते.