खांदेरीचे पाणी

मोखाड्यातल्या पोशेऱ्याचा माणूस किल्ल्यावर गेला की तटाआधी पाण्याची टाकी शोधतो. आमच्याकडे आषाढात ओढे वाट अडवतात आणि वैशाखात बाया हंडा घेऊन दरीत उतरतात. त्यामुळे थळच्या किनाऱ्यावरून मचव्याने खांदेरीला गेलो, तेव्हा मनात प्रश्न एकच होता: चहूकडे खारे पाणी असलेल्या या बेटावर १६७९ साली माणसे तगली कशी?

बेट लहान. दोन टेकड्या, मधे सखल पट्टी. तटाच्या कडेने रमतगमत फिरायला एक सकाळ पुरते. वाटेत लोखंडी गाड्यांवरच्या तोफा, ठोकला की धातूसारखा वाजणारा खडक, कोळ्यांचा वेताळ आणि १८६७ सालचे दीपगृह. गाव मात्र नाही.

शिवाजी महाराजांनी १६७२ मध्येच येथे बांधकामाचा प्रयत्न केला होता. इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे तो सोडावा लागला. १६७९ च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचू लागला. मुंबई बंदराच्या तोंडाशीच हे चाललेले पाहून इंग्रज हादरले. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांवर चाल केली व त्यांचे ‘डव्ह’ हे गलबत पकडले. आपल्या व्याख्यानांतून ही लढाई निर्भेळ विजय म्हणून सांगतात. ते खरे नाही. ‘रिव्हेंज’ या जहाजाने तोफांचा मारा चालू ठेवला आणि दौलतखानाला नागोठण्याच्या खाडीकडे परतावे लागले.

खांदेरी टिकली ती त्या एका दिवसाने नव्हे. वेढा घालून बेट उपाशी पाडावे, हा इंग्रजांचा बेत होता. पण किनाऱ्याकडून छोट्या होड्या रात्री रसद घेऊन निसटत. वारा पडला की मोठी जहाजे जागच्या जागी, आणि आमच्या होड्या वल्ह्यांवर पुढे! पाण्याबाबत माझा तर्क असा, की मायनाकने साधलेला मुहूर्तच महत्त्वाचा होता. समुद्र बऱ्यापैकी निवळलेला, पण पाऊस संपलेला नाही. मार्गशीर्षात तोच माणूस उतरला असता, तर पहिल्या दिवसापासून घोट घोट पाणी होडीनेच आणावे लागले असते.

भूमध्य समुद्रातही असाच हिशेब दिसतो. क्रीट बेटाजवळच्या स्पिनालोंगावर व्हेनिसवाल्यांनी १५७९ मध्ये, म्हणजे खांदेरीच्या बरोबर शंभर वर्षे आधी, किल्ला बांधायला घेतला. १६६९ मध्ये क्रीट तुर्कांकडे गेले, पण हे चिमुकले बेट १७१५ पर्यंत व्हेनिसकडेच राहिले. तिथे झरा नाही. पावसाचे पाणी हौदांत साठवत. १९५७ मध्ये तिथली कुष्ठरुग्णांची वसाहत हलली. आता तेही निर्मनुष्य, संरक्षित बेट. दिवसा फिरावे आणि परत यावे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राज्य पुरातत्त्व संचालनालयाने संरक्षित केलेली खांदेरी आहे. उंदेरी नाही. इंग्रज माघारीच्या वाटेवर असतानाच, जानेवारी १६८० मध्ये, सिद्दी कासमने ती बळकावून तट उभारला, आणि दोन शेजारी बेटांच्या तोफा एकमेकींवर रोखल्या गेल्या. तिथे उतरायचे तर भरतीची वेळ थळच्या कोळ्यालाच विचारावी लागते.